बायकोचं वादळी इंग्रजी

माझ्या बायकोला इंग्रजीत ‘काय, बरं आहे ना’ विचारायचं म्हटलं तरी घाम फुटायचा. पण ‘आज दुपारनंतर किनारपट्टीवर सोसाट्याचा वारा आणि मुसळधार पाऊस अपेक्षित असून नागरिकांनी अनावश्यक प्रवास टाळावा’ हे मात्र ती इंग्रजीत एका दमात म्हणून दाखवायची, तेही अगदी रेडिओवाल्याच्या सुरात. यात हसण्यासारखं काही नाही. मी हसलो होतो, तर दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

मी छपरांवर पत्रे बसवतो. नवे बसवतो, गंजलेले बदलतो, गळती शोधतो. या धंद्याने माणूस तापट होतो की तापट माणसंच या धंद्यात येतात, ते मला माहीत नाही. भर उन्हात पत्र्यावर गुडघे टेकून एक दिवस काढा, मग मला शांत राहायला सांगा. वाऱ्याशी तर आमचं जुनं वैर. हातात अख्खा पत्रा धरलेला असताना वारा फिरला, तर पत्रा माणसाला सोबत घेऊन जातो. म्हणून सकाळ-संध्याकाळ रेडिओवर हवामान ऐकल्याशिवाय मी शिडीला हात लावत नाही. आणि ऐकतो ते इंग्रजीतलं. आपल्या भाषेत सांगतात, ‘काही ठिकाणी पावसाची शक्यता आहे.’ अरे बाबा, कुठल्या काही ठिकाणी? इंग्रजीतलं बुलेटिन बोटींसाठी असतं. त्यात वारा केवढा, झोत केवढा, येणार कधी आणि ओसरणार कधी, सगळं सांगतात. बोटीवरच्या माणसाला लिहून घेता यावं म्हणून सावकाश सांगतात आणि दोनदा सांगतात. मला त्यातले आकडे कळायचे आणि कामापुरते शब्द. तेवढ्यावर माझं भागत होतं.

बायको वृद्धाश्रमात कामाला. आजी-आजोबांना उठवायचं, बसवायचं, अंघोळी घालायच्या, कुशीवर वळवायचं. ही अंगाने एवढीशी, आणि उचलायची ती माणसं दाराएवढी. वर्षानुवर्षं उचलली. शेवटी पाठीने हात टेकले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि सांगितलं, की आता वजन उचलणं बंद, नाहीतर एक दिवस अंथरुणातून उठता येणार नाही. वजन उचलणं बंद म्हणजे ते काम बंद. आणि ते काम बंद म्हणजे काय, ते मला विचारा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ही बाई ‘कोपऱ्यातल्या आजींनी दूध घेतलं असेल का हो?’ म्हणत घरभर फिरते. तिला घरी बसवायचं म्हणजे तिचा जीवच काढून घ्यायचा.

एकच वाट होती. तिथल्या इन्चार्जबाई निवृत्त होणार होत्या. ते खुर्चीतलं काम. औषधांच्या वेळा सांभाळायच्या, बाकीच्यांना कामं वाटून द्यायची आणि घरच्यांना फोन करायचे. घोडं पेंड खात होतं ते फोनपाशी. निम्म्या आजी-आजोबांची मुलं दूरदेशी. कुणाची सून परकी, कुणाचा जावई परका, काहींच्या तर घरातच पहिल्यापासून इंग्रजी. फोनवरचा सगळा कारभार त्याच भाषेत. मॅनेजरबाईंनी हिला समोर बसवून सांगितलं, “ताई, इथली माणसं तुमच्यावर जीव टाकतात, ते मला दिसतं. पण फोन जमला पाहिजे. मोठं भारी इंग्रजी नको, समोरच्याला कळलं म्हणजे झालं. इन्चार्जबाई गेल्या की महिनाभर तुम्ही करून बघा. जमलं तर खुर्ची तुमची. नाही जमलं तर मला बाहेरून कुणीतरी आणावं लागेल.” आणि मग तुमचं काय, ते त्या बोलल्या नाहीत. बाई वाईट नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवतो. मी पुढे त्यांच्यावर चिडणार आहे, तेव्हा लक्षात असू द्या.

मग ही क्लासला जायला लागली. तिथली मास्तरीण एक पोरगेलीशी मुलगी. ती सगळ्यांकडून ‘माझ्या काकांकडे लाल छत्री आहे’ असलं काहीतरी घोकून घ्यायची. हिला काका नाहीत आणि आमची छत्री काळी. एकदा घरी आली ती पिशवी आपटून म्हणाली, “अहो, आजोबांना दिवसभर धाप लागली होती, हे मी त्या लाल छत्रीतून कसं सांगू?” मी म्हटलं, “छत्री मिटून सांग.” त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गपचूप चहा ठेवायला उठलो.

त्याच आठवड्यात कधीतरी संध्याकाळी ती कपड्यांना इस्त्री करत होती आणि माझं बुलेटिन लागलं होतं. वादळाचे दिवस होते. रेडिओवाला सांगत होता, सकाळपासून जोर वाढला आहे, आणखी वाढण्याचा संभव आहे, पहाटेपर्यंत ओसरेल. हिने मान वर केली.

“इंटेन्सिफाय म्हणजे?”

“जोर वाढणं.”

“आणि ते शेवटी काय म्हणाला? अबेट?”

“जोर ओसरणं. गप्प बस ना जरा, मला वारा ऐकू दे.”

तिने इस्त्री उभी केली. “अहो,” ती म्हणाली, “हे तर आमच्याच खोल्यांचं चाललंय.”

माझ्या टाळक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. पण खरंच होतं. ताप चढतो, ताप ओसरतो. दुखणं थांबून थांबून येतं, त्याला रेडिओवाला इंटरमिटंट म्हणतो. तब्येत हळूहळू ढासळते ती डिटिरिओरेट होते. एखादी गोष्ट अगदी येऊन ठेपली की ती इमिनंट. कुणी कशाची खात्री देत नाही, पण जे दिसतंय ते सांगतात, आणि त्याचा भरवसा किती तेही, कॉन्फिडन्स हाय की मॉडरेट. लाल छत्रीवाल्या पुस्तकात यातला एक शब्द नव्हता.

त्या दिवसापासून रेडिओवाल्याचं नाव पडलं गुरुजी. ‘गुरुजींची वेळ झाली’ म्हटलं की गॅस बारीक व्हायचा, मी खोकलो तरी डोळे वटारले जायचे. पहिल्यांदा सांगतील ते ती ऐकायची, दुसऱ्यांदा सांगतील तेव्हा त्यांच्या मागोमाग म्हणायची. अडलं तर मला विचारायची. मला येत नसेल तर मी चिडायचो, आणि मी चिडलो की तिला कळायचं, की याला येत नाही. मग मुकाट्याने डिक्शनरी काढायची.

एवढे अवघड शब्द डोक्यात राहावेत म्हणून तिने ते घरातच वापरायला काढले. दूध वर आलं की आतून आवाज, “अहो, इमिनंट!” आमच्या शेजाऱ्यांचं भाडेकरूशी भांडण स्पोरॅडिक, म्हणजे अधूनमधून. माझ्या मेहुणीचं फोनवरचं बोलणं टोरेन्शियल, म्हणजे मुसळधार, आणि ते कधी अबेट होईल याचा अंदाज गुरुजींनासुद्धा देता येणार नाही, असं हिचंच मत, सख्खी बहीण असून. माझ्या रागाला तर तिने कायमचं पान राखून ठेवलं होतं. मी कामावरून आलो की दारातच तोंड बघून म्हणायची, “सीव्हिअर. जेवणानंतर सब्साइड होण्याचा संभव.” आणि व्हायचं तसंच, काय करणार.

शब्दांपेक्षा तिने दुसरीच एक गोष्ट उचलली. गुरुजींचं बोलणं ठरलेलं असायचं. आधी आत्ता काय आहे ते. मग पुढे काय होईल असं दिसतं ते. मग तुम्ही काय करावं ते. आणि शेवटी, पुढचं बुलेटिन कधी. त्यातही वॉच निराळा आणि वॉर्निंग निराळी. वॉच म्हणजे होऊ शकतं, लक्ष ठेवा. वॉर्निंग म्हणजे येतंय, उठा. हे तिला फार आवडलं होतं. ती म्हणायची, “माणसं नुसतं ‘काळजी करू नका’ म्हणतात ना, ते मला पटतच नाही. काय झालंय ते सांगा, काळजी करायची की नाही ते त्यांचं ते बघतील.”

इन्चार्जबाई गेल्या आणि हिचा महिना सुरू झाला. पहिल्या फोनला आकडे दोनदा चुकले म्हणे. मग फोन उचलला गेला, आणि हिने डोळे मिटून गुरुजींसारखी सुरुवात केली. आत्ता काय, पुढे काय, तुम्ही काय करावं, पुढचा फोन कधी. पलीकडचा मुलगा आधी गांगरला. पण ठरल्या वेळेला पुढचा फोन गेला तेव्हा त्याने पहिल्या घंटेला उचलला.

लोकांना ते आवडायला लागलं. काही काही फोन तर ऐकण्यासारखे होते. एका आजींचं पोट आठवडाभर साफ झालं नव्हतं, मुलगा काळजीत. शेवटी झालं. आता हे इंग्रजीत सांगायचं कसं? हिने गंभीर आवाजात कळवलं, की अडथळा दूर झाला असून वाहतूक पूर्ववत सुरू झाली आहे. मुलगा पलीकडे इतका हसला की हिला वाटलं फोन बिघडला. मॅनेजरबाईसुद्धा हसल्या. “ताई, इंग्रजी तुमचं जगावेगळं आहे, पण चाललंय बरं,” म्हणाल्या. घरी येऊन हिने मला ते तीनतीनदा सांगितलं. त्या दिवशी तिची पाठसुद्धा दुखत नव्हती. मी मनात म्हटलं, सुटलो बुवा.

महिना सरत आला आणि घड्याळवाले आजोबा आजारी पडले.

हे आजोबा आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत होते. घरात इंग्रजीच बोलणारे, पण आमच्या हिच्याशी खाणाखुणांनी आणि मोडक्यातोडक्या बोलण्याने चांगलं जमायचं. माणूस किरकिरा. सूप थंड आहे, उशी जाड आहे, भिंतीवरचं घड्याळ मागे आहे. त्यांची एकुलती एक मुलगी दूरदेशी. पैसे वेळेवर पाठवायची, फोनवर चौकशी करायची, पण कित्येक वर्षांत आली नव्हती. बापाशी बोलायचीही नाही. ऑफिसशी बोलायची आणि फोन ठेवायची. का, ते कुणाला माहीत नव्हतं. आजोबाही तिचं नाव काढत नसत.

त्या आठवड्यात मी तिथेच कामाला होतो. ऑफिस आणि त्यापुढच्या बोळावरचे पत्रे बदलायचे होते. संध्याकाळी सामान आवरून हिला न्यायला ऑफिसात गेलो, तर ही फोनसमोर बसलेली, हात मांडीवर. आजोबांच्या छातीत कफ भरला होता. ताप उतरत नव्हता, पाणी पोटात जात नव्हतं, श्वास घुरघुरत होता. डॉक्टर येऊन गेले होते. वय बघता काहीही सांगता येत नाही, इंजेक्शनं चालू ठेवा, असं म्हणाले होते. मॅनेजरबाई बाहेरगावी मीटिंगला. जाताना त्यांनी सांगून ठेवलं होतं, की मुलीला एवढंच कळवा, तब्येत स्थिर आहे, आम्ही लक्ष ठेवून आहोत. बाकी त्या आल्यावर बघतील.

“मग कळव ना तेवढंच,” मी म्हटलं.

“अहो, स्थिर नाहीये. मी दिवसभर त्यांच्यापाशी आहे. सकाळी माझा हात दाबत होते, आता दाबत नाहीत.”

“अगं, पण मॅनेजरबाईंनी सांगितलंय ना? चार दिवस राहिलेत तुझ्या महिन्याचे. नसता शहाणपणा कशाला? खुर्ची जाईल.”

“ते कळतं मला.” ती फोनकडे बघत होती. “वॉच द्यायचा की वॉर्निंग, एवढंच कळत नाहीये.”

“वॉच दे,” मी म्हटलं. “वॉचने कुणाचं बिघडत नाही.”

“वॉच दिला तर ती येणार नाही. इतक्या वर्षांत कितीदा दिला असेल तिला.”

आणि तिने फोन लावला. मी दारात उभा होतो. तिचा आवाज जराही हलला नाही. “युवर फादर्स कंडिशन हॅज डिटिरिओरेटेड सिन्स मॉर्निंग. फर्दर डिटिरिओरेशन इज लाइकली. यू आर अॅडव्हाइज्ड टू ट्रॅव्हल विदाउट डिले.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. नक्की का, असं असावं. हिने सांगितलं, “कॉन्फिडन्स मॉडरेट. नेक्स्ट अपडेट अॅट नाइन.” मग फोन बंद झाला.

नऊला हिने पुन्हा फोन केला तेव्हा ती मुलगी निघालीसुद्धा होती. पहिल्याच विमानाने, मिळेल त्या तिकिटाने. वाटेत एका विमानतळावर अडकली, दुसऱ्यावर सामान हरवलं. तिकडे ती प्रवासात, फोन लागेना, आणि इकडे आजोबांचा ताप उतरायला लागला. आधी थोडा, मग झपाट्याने. ज्या सकाळी ती पोचायची, त्या सकाळी आजोबा उशीला टेकून बसले होते आणि अंडं जास्त उकडलं म्हणून कुरकुर करत होते. बायकोने शिडीखाली येऊन मला हे सांगितलं. “आजोबा बरे झाले हो,” एवढंच म्हणाली आणि लगबगीने आत गेली.

मॅनेजरबाई आदल्या दिवशी परत आल्या होत्या. त्यांचा पारा चढणारच. ऑफिसच्या डोक्यावरचा पत्रा मीच काढून ठेवलेला, त्यामुळे खाली कुजबूज झाली तरी मला वर ऐकू येत होती. कान देऊन ऐकलं असं नाही. पण कान बंदही केले नाहीत.

“ताई, काय करून बसलात तुम्ही? मी स्थिर म्हणा म्हटलं होतं. ती बाई काम टाकून, अर्धं जग ओलांडून येतेय, आणि हे इथे अंडं खातायत. उद्या तिने तक्रार केली तर बाकीचे घरचे काय म्हणतील? आणि कॉन्फिडन्स मॉडरेट? मुलीला बापाबद्दल असं सांगतात?”

“मला तसंच दिसत होतं,” बायको म्हणाली.

“दिसत होतं, पण झालं का तसं?”

“नाही.”

“मग?” मॅनेजरबाईंनी सुस्कारा टाकला. “मला हे पुढे चालू ठेवता येणार नाही, ताई. मला वाईट वाटतंय, पण इलाज नाही.”

माझ्या हातात स्क्रूंचा डबा होता. तो त्या भोकातून सरळ टेबलावर सोडावा, असं फार मनात आलं. त्या बाईंच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो, हे कळत होतं, म्हणून तर जास्तच चीड येत होती. बायको बाहेर पडली. वरून मला तिचा भांग तेवढा दिसला.

मुलगी आली ती नुसती खांद्यावरची पिशवी घेऊन. चुरगळलेले कपडे, सुजलेले डोळे. बायकोच तिला खोलीपर्यंत घेऊन गेली. मागून तिने मला सांगितलं ते असं. मुलगी दारात थबकली. आजोबा उठून बसलेले बघून तिचा चेहरा एकदम उतरला, की रागावला, की काय झालं, कळेना. आजोबा तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “तू कशाला आलीस? मी ठीक आहे.” ती म्हणाली, “तुम्ही नेहमीच ठीक असता.” मग तिथेच पायताणासकट खाली बसली, त्यांच्या पलंगाच्या कडेला डोकं टेकून. आजोबांचा हात बराच वेळ हवेतच होता. शेवटी तो तिच्या केसांवर आला. बायकोने बाहेरून दार लावून घेतलं आणि कुणालाही आत जाऊ दिलं नाही. औषधाची वेळ झाली तेव्हा स्वतः दार वाजवून आत गेली, आणि तेव्हाही दोघं बोलतच होती.

दुपारी मुलगी ऑफिसात आली, मागोमाग बायको. मी पत्र्यावर पालथा होऊन पडलो. आता झाकायचं काय, सरळ ऐकत होतो. तिचं इंग्रजी सावकाश होतं, प्रवासाने थकलेलं. वर्षभर गुरुजी कानावर पडून मलाही बरंच कळायला लागलं होतं. राहिलेलं बायकोने नंतर सांगितलं.

मॅनेजरबाईंनी आधीच माफी मागायला घेतली. आमच्या बाईंचा अंदाज चुकला, त्या नवीन आहेत, त्यांना आता फोनच्या कामावरून काढलंय, वगैरे. मुलीने हात वर करून त्यांना थांबवलं.

ती म्हणाली, “माझी आई आजारी होती तेव्हा मी आठवड्यातून दोनदा फोन करायचे. दर वेळी बाबा म्हणायचे, काळजीचं कारण नाही, तू तुझं काम कर. हॉस्पिटलवालेही म्हणायचे, स्थिर आहे. मी विश्वास ठेवला. आणि मग एक दिवस फोन आला तो सगळं संपल्यावर. म्हणून मी इतकी वर्षं आले नाही. बाबांवर माझा राग होता. तुम्ही लोकांनी आताही स्थिर म्हटलं असतं, तर मी आताही आले नसते.”

मग तिने बायकोकडे बोट केलं.

“परवा पहिल्यांदाच कुणीतरी मला काय दिसतंय ते सांगितलं. खात्री किती आहे तेही सांगितलं. मी येताना सगळी वाट मनाची तयारी करत होते, की बाप गेलेला दिसणार. तो बसलेला दिसला. आज आम्ही आईबद्दल बोललो. बाबा माझ्याशी कधीच बोलले नव्हते त्याबद्दल. इथून पुढे मला फोन ह्याच बाईंचा यायला हवा. दहा वेळा चुकू देत. मी दहा वेळा येईन.”

मॅनेजरबाई घसा खाकरून म्हणाल्या, “ताई, खुर्ची तुमची. पण ते मॉडरेट तेवढं...”

“ते तर मुळीच काढू नका,” मुलगी म्हणाली.

मी पत्र्यावरच उठून बसलो. अंगात असा काही आनंद आला की एक स्क्रू वाकडा गेला. घाईघाईने शिडी उतरून बायकोला शोधत निघालो. वाटलं, हसत असेल, कुणाला तरी सांगत असेल. ती सापडली धुण्याच्या खोलीमागे, वाळत घातलेल्या चादरींच्या आड. तोंडावर हात दाबून रडत होती.

“अगं वेडे,” मी म्हटलं, “मिळाली ना खुर्ची? आता कशाला?”

तिने मान हलवली. मी थांबलो. थांबणं माझ्या स्वभावात नाही, पण थांबलो.

“सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले,” ती म्हणाली. “ते उठून बसले होते. मला बघून हसले हो. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं माहितीय? हे का उठून बसले. आता माझी खुर्ची गेली. असंच आलं. एवढ्या वर्षांत किती जणांचं केलं मी, कुणाबद्दल कधी असं आलं नाही. आणि ती मुलगी आत माझं एवढं चांगलं बोलत होती. मी तिथे उभी राहून ऐकत होते. तिला काय माहीत, मी तिच्या बापाबद्दल काय...”

मी मनात जे होतं ते सांगून टाकलं.

“सकाळी शिडीखाली येऊन तू सांगितलंस ना, आजोबा बरे झाले म्हणून,” मी म्हटलं. “तेव्हा मी वर बसून म्हटलं, या म्हाताऱ्याला बरं व्हायला आजचाच दिवस सापडला का.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “खरंच?”

“शिवीसुद्धा दिली.”

“कुठली?”

मी सांगितली. तिने झटकन इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मग तोंड वेडंवाकडं झालं, हसतेय की रडतेय ते तिचं तिलाही कळत नसावं. माझे हात गंजाने माखलेले होते, तरी एक तिच्या पाठीवर ठेवला. चादरी वाऱ्याने अंगावर येत होत्या. तिने त्यातल्याच एकीच्या टोकाने तोंड पुसलं, मग ती चादर आता परत धुवावी लागणार म्हणून स्वतःवरच वैतागली, काढून टोपलीत टाकली आणि आजोबांच्या दुपारच्या गोळ्या द्यायला आत गेली.